ओगले डॉक्टरांची निळी रेघ

बातमी आली तेव्हा मी एका बाईंना खोकल्याचं औषध कसं घ्यायचं ते सांगत होतो. सकाळची गर्दीची वेळ, काउंटरवर तीनचार माणसं उभी, आणि दुकानाच्या फोनवर ओगले डॉक्टरांच्या सुनंदावहिनी. त्या दुकानात कधी फोन करत नाहीत. डॉक्टरांना जेवायला बोलवायचं असलं तरी शेजारी दवाखान्यातच करतात. "बापू, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या… मी काही विचारेन असं त्यांना वाटलं असणार. मी फोन ठेवला आणि त्या बाईंना म्हणालो, "जेवणानंतर घ्या, दोन चमचे." बाई पैसे देऊन गेल्या. पुढच्या माणसाला त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या काढून दिल्या, त्याच्या पुढच्याला बाळाची पावडर. हात आपलं काम करत होते. मग शेजारच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलेला एक म्हातारा उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "डॉक्टर अजून आले नाहीत हो." तेव्हा कुठे मी काउंटर सोडून त्याच पायरीवर जाऊन बसलो.

याला आता दीड महिना होईल. डॉक्टर शरद ओगले गेले ते सकाळी चहा घेता घेता. वय झालं होतं, तरी रोज दवाखान्यात येत होते. पाटीवर त्यांच्या नावापुढे नुसतं एमबीबीएस होतं. पण कर्वेनगरच्या आमच्या भागात कुणाला गळू झालं, केसतूड झालं, काखमांजरी झाली, पायाला लागलेलं चिघळलं, की घरातली मोठी माणसं एकच नाव घ्यायची. आणि नाव घेताना वर एक सूचनाही द्यायची, "बोलतात फार, पण मनावर घेऊ नको."

ते आमच्याकडे कसे आले ते सांगतो. हा सगळा भाग आमच्या लहानपणी शेतीचा. आमच्या जमिनीवर सोसायटी झाली, त्या व्यवहारात वडिलांना रस्त्याकडेचे दोन गाळे मिळाले. एकात मी फार्मसीचा डिप्लोमा करून मेडिकल टाकलं. दुसऱ्यात डॉक्टर बसवला की मुलाचं दुकान आपोआप चालेल, हा वडिलांचा साधा हिशेब. ओगले डॉक्टर गाळा बघायला आले तेव्हा वडिलांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "डागदर, माणसं येतील नव्हं? न्हाईतर आमच्या पोराचं काय खरं न्हाई." डॉक्टर भिंतीला कुठे ओल आहे का ते बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "माणसं येतील. औषधं घेतील याची हमी देत नाही." वडील खो खो हसले. त्यांना वाटलं, माणूस विनोदी आहे. माणूस विनोदी होताच, पण हे त्यांनी विनोदानं म्हटलं नव्हतं, हे मला पुढच्या काही महिन्यांत नीटच समजलं. त्यांच्याकडून येणारा पेशंट माझ्याकडे फार तर गॉज, चिकटपट्टी आणि ठणका कमी व्हायची एखादी गोळी घ्यायचा. मी एकदा कुरकुरलो तर म्हणाले, "बापूराव, तुम्ही कापडाचं दुकान टाका. माझे पेशंट रोज गॉज नेतात, तुमचं उत्तम चालेल."

त्यांची पद्धत खडकीची. तरुणपणी ते तिकडच्या कामगारांच्या एका दवाखान्यात होते. हाताला-पायाला लोखंड लागलेली, पू झालेली माणसं दिवसभर बघायची आणि चिरे द्यायचे. तिथे त्यांचा हात बसला आणि मतही तिथेच पक्कं झालं. पू आत आहे तोवर वरून गोळ्या खाऊन उपयोग नाही, त्याला वाट करून द्यायची. चिरा द्यायचा, आत गॉजची वात ठेवायची, पू लॅबला कल्चरला, म्हणजे आत कुठला जंतू आहे ते बघायला, पाठवायचा. आणि मग खिशातलं निळं बॉलपेन काढून, कातडीवर जिथपर्यंत लाली आहे तिथपर्यंत गोल रेघ मारायची. पेशंट आ करून बघत राहायचा. "लाली रेघेच्या आत राहिली तर उद्या चालत या. बाहेर गेली तर धावत या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताप नसेल आणि माणूस धडधाकट असेल तर बऱ्याच जणांना ते अँटिबायोटिक द्यायचेच नाहीत. ज्यांना लागेल त्यांना कल्चरचा रिपोर्ट बघून नेमकं द्यायचे, आणि दिलं की शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायला लावायचे. लोकांना हे रुचायचं नाही. फी दिली, चिरा सोसला आणि हातात एक चिठ्ठीसुद्धा नाही, म्हणजे काय! पुढच्या चौकात स्ट्राँग इंजेक्शन देणारे होतेच. काही पेशंट तिकडे जायचे, त्यातले काही पंधरा दिवसांनी दुप्पट मोठं गळू घेऊन परत यायचे, आणि मग भिंतीपलीकडून मला डॉक्टरांचा आवाज ऐकू यायचा.

त्या आवाजाबद्दल लिहायलाच हवं. डॉक्टर ओरडायचे नाहीत, बोलायचे. हळू, स्वच्छ, एकेक शब्द सुटा, आणि तो बरोबर जागी लागायचा. एकदा एका बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "डॉक्टर, हे पटकन बरं होईल असं काही नाही का?" डॉक्टर म्हणाले, "आहे ना. तुम्ही हे तीन आठवडे पटकन अंगावर काढलंत, तसंच आणखी तीन काढा." आणि असं बोलता बोलता हात मात्र त्या साहेबांच्या पाठीवर इतक्या हळुवारपणे चालले, की चिरा कधी दिला ते त्यांना कळलंही नाही. मी ड्रेसिंगचं सामान द्यायला आत जायचो तेव्हा हे कितीदा पाहिलंय. त्यांच्या जिभेची आणि हाताची जणू ओळखच नव्हती.

मग आयटीचा जमाना आला. आमच्या आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्यानं घेऊन, मुलं राहायला लागली. नागपूर, अमरावती, यवतमाळ, वर्धा. दोन खोल्यांत सहा-सात जण, एक बाथरूम, दोरीवर एकावर एक टाकलेले ओले टॉवेल. सकाळी कंपनीची बस पकडायची, रात्री उशिरा परतायचं. या मुलांना केसतूड व्हायला लागली. एकाला झालं की महिन्याभरात दुसऱ्याला, मग फिरून पहिल्याला. मुलं हुशार, घाईतली. ऑफिसजवळच्या दुकानातून मित्रानं सांगितलेली कॅप्सूल घ्यायची, दोन दिवस खायची, ठणका कमी झाला की सोडून द्यायची. कल्चरचे रिपोर्ट यायला लागले तसे डॉक्टर गंभीर झाले. रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे इंग्रजी आर लिहिलेला असतो, म्हणजे त्या जंतूवर ते औषध चालत नाही. पूर्वी असे आर क्वचित दिसायचे, आता पानभर. मला रिपोर्ट दाखवून म्हणायचे, "बघा बापूराव, ही तुमची महागातली कॅप्सूल. हा जंतू ती शेंगदाण्यासारखी खातोय." आणि प्रत्येक मुलाला पहिला प्रश्न, "टॉवेल कुणाचा वापरता?" मुलं गोंधळून एकमेकांकडे बघायची. "ठरवून सांगा, मी थांबतो," डॉक्टर म्हणायचे.

निलेश त्यातलाच. यवतमाळकडचा, सरळ, लाजरा मुलगा. मांडीवर गळू घेऊन आला. बाहेरच्या बाहेर कॅप्सूल खाऊन झाल्या होत्या. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती, तिकीट यायचं होतं, त्यामुळे त्याला लवकर बरं व्हायचं होतं. डॉक्टरांनी चिरा दिला, पू लॅबला पाठवला, लालीभोवती रेघ मारली. दुसऱ्या दिवशी हा आंघोळ करून, स्वच्छ होऊन आला. रेघ पुसट होऊन गेलेली. मी तेव्हा आतच होतो. डॉक्टर त्या मांडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छान. चोळून धुतलीत? आता लाली वाढली की नाही हे मी कशावरून सांगू? माझ्या हातावरच्या रेषा बघून?" निलेशबरोबर त्याची आई आली होती. मुलगा परदेशी जाणार म्हणून त्याला भेटायला, त्याचं करून घालायला ती आदल्या दिवशीच गावाहून आली होती. ती माउली भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा एकदम उतरला. डॉक्टरांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी नवी रेघ मारली आणि म्हणाले, "ही जपा."

त्यानंतर माय-लेक रोज यायचे. रेघ ठळक असायची आणि लाली रेघेच्या आत. डॉक्टर समाधानानं ड्रेसिंग बदलायचे. निलेशचा चेहरा मात्र मला ओढलेला वाटायचा, पण तो म्हणायचा, झोप झाली नाही, काम फार आहे. मग लॅबचा माणूस रिपोर्ट घेऊन आला. दवाखान्यात गर्दी असली की तो माझ्याकडे देऊन जायचा. मी पाकीट घेऊन आत गेलो तेव्हा निलेशच टेबलावर पडला होता आणि दात वाजतील असा थरथरत होता. डॉक्टर खाली वाकून मांडी बघत होते. रेघ जागच्या जागी, लाली तिच्या आत. ताप मात्र सणसणून. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. मग त्यांनी बोट टेकवलं. "हा तीळ," ते म्हणाले. "हा तीळ पहिल्या दिवशी रेघेच्या बाहेर होता."

मग त्याची आई पुढे आली. हातात पदराचं टोक. "डॉक्टरसाहेब, आंघोळीत पुसून जाते जी ते रेघ. तुम्ही बोलसान म्हणून भेव वाटलं मले. मंग मीच रोज काढून देतो, जितकं लाल दिसते तितकं… निळ्या पेननंच काढतो जी, तुमच्यासारखी."

त्या बाईनं रोज सकाळी, वाढलेल्या लालीभोवती, मुलाच्या मांडीवर, जिवापाड जपून रेघ ओढली होती. आणि आमचे डॉक्टर रोज ती रेघ बघून लाली आत आहे म्हणत होते.

डॉक्टरांनी तिला एक शब्दही सुनावला नाही. माझ्या हातातून रिपोर्ट घेतला, पानभर नजर फिरवली आणि म्हणाले, "बापूराव, याचे पाय धरा. माझ्या गाडीत घालू." त्यांची जुनी मारुती, मागच्या सीटवर आईच्या मांडीवर निलेशचं डोकं, आणि पुढे डॉक्टरांच्या शेजारी मी. हॉस्पिटलमध्ये त्यांनी रिपोर्ट पुढे करून कुठलं इंजेक्शन चालेल ते सांगितलं. तिथल्या सर्जननी जखम मोठी उघडून साफ केली. पहिले दोन दिवस काही खरं नव्हतं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तिथे जायचे आणि वॉर्डबाहेरच्या बाकावर त्या बाईंच्या शेजारी बसून राहायचे. मुलगा वाचला, पायही वाचला. अमेरिकेला त्याच्याऐवजी दुसरं कुणीतरी गेलं.

निलेश बरा झाला, पण आमचे डॉक्टर आजारी पडले, असंच मला म्हणावं लागेल. बाहेरून काही दिसत नव्हतं. वेळेवर यायचे, पेशंट तपासायचे. पण भिंतीपलीकडून येणारा आवाज बंद झाला. "या, बसा. काय होतंय? बरं. घाबरू नका." असलं काहीतरी मऊ मऊ ऐकू यायचं. आणि माझ्याकडे चिठ्ठ्या यायला लागल्या. साध्या केसतुडाला भारी कॅप्सूल, वर इंजेक्शन. कल्चर नाही, रेघ नाही. पेशंट खूश. मला म्हणायचे, "डॉक्टर किती बदललेत हो, किती गोड बोलतात!" माझा गल्ला भरत होता आणि मी एकेक चिठ्ठी दोनदा वाचून बघत होतो. एकदा चहा घेताना मी विषय काढला. म्हणालो, "डॉक्टर, ह्या चिठ्ठ्या तुमच्या वाटत नाहीत." ते कपात बघत म्हणाले, "बापूराव, ती बाई जंतूला नाही घाबरली. मला घाबरली. मुलाच्या अंगात ताप चढत होता आणि तिला भीती कशाची, तर माझ्या बोलण्याची… हे माझ्या जिभेनं केलं. आता मला कुणाला काही सांगायचं नाही. मागतील ते द्यायचं." त्यांचे डोळे भरले होते. हा माणूस आता असाच राहणार, आपले ओगले डॉक्टर गेले, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

निलेशची आई अजून पुण्यातच होती. मुलगा हिंडाफिरायला लागेपर्यंत तिनं त्या फ्लॅटमध्ये मुक्काम ठोकला होता आणि सगळ्याच मुलांना भाकरी करून घालत होती. एके दिवशी ती निलेशच्या खोलीतल्या एका दांडग्या मुलाला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेली. त्याच्या मानेवर केसतूड. थोड्या वेळानं ती चिठ्ठी घेऊन माझ्या काउंटरवर आली, मुलगा मागे. "भाऊ, हे काय लिहून देलं जी डॉक्टरसाहेबांनी?" मी बघितलं. तीच भारी कॅप्सूल. मी म्हटलं, "ताई, हे मी नाही देत. चला माझ्याबरोबर." आणि चिठ्ठी घेऊन, भरल्या दुकानातून तसाच शेजारी दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी वर बघितलं. मी काही बोलायच्या आत ही बाईच बोलायला लागली. "डॉक्टरसाहेब, तुम्ही याले काऊन काही बोलून नाही राहिले? माह्या निलेशले कसे बोलले होते तुम्ही! हा त्याचाच टॉवेल घेते, सांगून सांगून माह्यं तोंड दुखलं. माह्यं ऐकतच नाही हा. तुम्ही बोला न जी याले. चांगले बोला."

डॉक्टर म्हणाले, "बाई, मी बोललो म्हणूनच तर तुम्ही रेघ…"

"हाव," ती म्हणाली. "त्याच्यात चूक झाली माही. आता पुसली तर पुसलीच म्हणून सांगीन, तुम्ही बोलले तरी चालते. पण तुम्ही न बोलता याले पाठवलं, तर हा पोरगा मरते न जी."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खिशातून पेन काढलं. मग त्या दांडग्या मुलाकडे वळले आणि हळू, स्वच्छ आवाजात म्हणाले, "टॉवेल कुणाचा वापरता? … नाही, विचार करून सांगा. एवढं शिकलात, हे आठवेल." मी तिथून बाहेर पडलो. दुकानात आलो, गिऱ्हाईकं खोळंबली होती. भिंतीपलीकडून आवाज येत होता आणि मी हसत होतो. समोरच्या माणसाला वाटलं असेल, याला वेड लागलं.

पुढे बरीच वर्षं ते तसेच बोलत राहिले. एकच फरक पडला. रेघ मारून झाली की पेन खिशात ठेवताना म्हणायचे, "पुसली तर तसेच या. रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तरी या." हे म्हणताना ते पेशंटकडे बघत नसत, त्याच्याबरोबर जे कुणी आलं असेल त्याच्याकडे बघत. आई, बायको, खोलीतला मित्र. ते माणूस हसेपर्यंत डॉक्टर थांबत.

मला त्यांची फार आठवण येते. आठवण येते म्हणजे काय, तर संध्याकाळी भिंतीकडे कान जातो. परवा एक मुलगी दुकानात आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मानेवर लालबुंद गळू, मान एका बाजूला अवघडलेली. मोबाइलवर कॅप्सूलचं नाव दाखवून म्हणाली, "काका, ही द्या ना, फ्रेंडनी सांगितलीये. स्ट्राँग आहे म्हणे." मी सवयीनं म्हणालो, "आधी शेजारी दाखवून या." ती गेली. काउंटरवरची जुनी गिऱ्हाईकं माझ्याकडे बघायला लागली, आणि माझी चूक मला कळेपर्यंत ती परतही आली. "काका, तिथे तर कुलूप आहे."

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि तिला म्हणालो, "चला." पलीकडच्या रस्त्याला एक तरुण डॉक्टरीणबाई बसतात, त्या चिरा देतात, कल्चरला पाठवतात असं ऐकून होतो. मुलगी माझ्यामागून यायला लागली. थोडं चालल्यावर वैतागून म्हणाली, "काका, तुम्ही ती कॅप्सूल दिली असतीत तर एवढं चालायला लागलं नसतं." आणि मी, ज्यानं सगळा जन्म गिऱ्हाइकाशी गोड बोलण्यात घालवला तो मी, भर रस्त्यात तिला बोललो. बरंच बोललो. मित्राला डॉक्टर केव्हा केलंत, मान तुमची आहे की कंपनीची, असं काय काय. आवाज चढत गेला. ती थांबून माझ्याकडे बघायला लागली.

"काका, तुम्ही मला ओळखतही नाही. एवढं का रागावताय?"

मी म्हटलं, "बाळ, हे काम माझं नव्हतं. ज्यांचं होतं ते गेले."

तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि माझ्या बरोबरीनं चालायला लागली.